शेवटाला टाका

आमच्या कल्याणी गावात नाव घेण्यासारखा दर्जी एकच होता, आणि त्याला शेरवानीखेरीज दुसरं काही मनापासून शिवता येत नसे. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, एका मासिकात फुग्याच्या बाह्यांचं पोलकं पाहिलं आणि ते चित्र हातात देऊन अप्पांना त्याच्याकडे पिटाळलं. दर्ज्याने चित्र दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाला, “हो जाता जी.” पोलकं आलं. बाह्या अगदी चित्रातल्यासारख्या फुगलेल्या होत्या, पण गळ्याशी शेरवानीची उभी कॉलर होती आणि खाली बटणांची रांग. अव्वाने, आमच्या आईने, कपाळाला हात लावला. अक्काने मात्र ते इरकल लुगड्यावर चढवलं, मान ताठ केली (कॉलरमुळे करावीच लागली) आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आता अशीच रीत हाय.” पंचमीच्या झोक्यावर आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी शेरवानीची कॉलर लावून झुलत होत्या. मी त्या पोलक्याला सगळ्यांत जास्त हसले होते. दिवाळीला मीही एक शिवून घेतलं.

अक्काचं सगळंच असं होतं. ती जे वाचायची ते तिच्या अंगात यायचं. गोष्टीतली बाई आजारी पडली की चैत्राच्या उन्हात अक्का शाल पांघरून बसणार. गोष्टीत कुणी काही सोडायचा निर्धार केला की आमच्या घरी भेंडी बंद. बाहेर संस्थानचा सगळा कारभार उर्दूत चाले, घरात आम्ही कानडी आणि मराठी मिसळून बोलायचो, आणि मुलींना शाळेत घालायची चाल नव्हती. अप्पांचं तुरीचं अडत दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते आम्हा दोघींना बाळबोध अक्षर शिकवत. मला वाचता येऊ लागलं. अक्काला वाचनाचं वेड लागलं.

त्या वेडाने तिचं काही नुकसान झालं नाही हेही सांगून टाकते. उन्हाळ्यात माळवदावर शेवया वळायला गल्लीतल्या बाया जमत. त्यांना अक्का मोठ्याने वाचून दाखवी. वाचणारीने पिठाला हात लावायचा नाही, असा कायदाच होता, आणि तो तिनेच केला होता. आम्ही घामाघूम होऊन वळतोय आणि ही सावलीत बसून विरहाचं वर्णन वाचतेय. पावसाळ्यात उमरग्याकडची गाडी चिखलात अडकली की मासिक येत नसे. मग अक्काचा चेहरा असा व्हायचा की शेजारच्या बाया अव्वाला हळूच विचारत, कुणी गेलं का?

तिच्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा तिने एकच अट घातली. सोनं नको, गाव कसंही असो. “पुस्तक हातात घेटलं की वसवस करायचं घर नको. जिथं वाचाया मिळणार न्हाई तिथं मी जायची न्हाई.” अप्पांना ही अट पोराच्या बापापुढे मांडायची कशी तेच कळेना. दोन ठिकाणी त्यांनी ती चाचरत मांडली आणि दोन्हीकडून नकार आला. एका घराने तर निरोप पाठवला की आम्हाला सून हवी, पंतोजी नको. त्या दिवशी अक्का माळवदावर एकटीच जाऊन बसली. ती रडत होती, मी शेजारी जाऊन बसले. ही अट सोड, असं मात्र मी तिला म्हटलं नाही. मला तिची फार काळजी वाटत होती.

मग निंबर्ग्याच्या बाजूचं एक स्थळ आलं. घर शेतकरी, आमच्याच लोकांतलं. पोरगा गुलबर्ग्याला उर्दूत शिकलेला, आणि त्याच्या मामाने त्याला मराठी अक्षरही दिलं होतं म्हणे. अप्पा या वेळी शहाणे झाले होते. अट बोललेच नाहीत. त्यांनी त्या मंडळींना सरळ येळवशीला आमच्या शेतावर जेवायला बोलावलं. येळवस म्हणजे ऐन थंडीतली अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करून आत पूजा मांडायची, अंबिलाचं मडकं डोक्यावरून शेतात न्यायचं, आणि वाटेने जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून भाज्या-शेंगांची भज्जी आणि ज्वारी-बाजरीचे उंडे खायला बसवायचं. अशा दिवशी कुणी कुणाकडे जेवलं तर कुणी विचारत नाही की कशासाठी.

अक्काच्या डोक्यात मात्र त्या दिवशी पोरगा दुय्यम होता. आमच्या सोलापूरच्या मामाने तिला एक जाडजूड कादंबरी पाठवली होती. तिच्यातली नायिका पुराच्या नदीत वाहून जाते. दसऱ्यापासून अक्का ती बायांना थोडी थोडी वाचून दाखवत होती. ती बाई मेली की जगली यावरून गल्लीत दोन तट पडले होते. पुढची पानं चोरून बघणारीला अक्काने वाचनातून उठवण्याची धमकी दिली होती, आणि स्वतःही ती पुढे वाचत नव्हती. शेवट येळवशीला, जेवणं झाल्यावर शेतात वाचायचा असं ठरलं होतं. म्हणून पुस्तक अंबिलाच्या मडक्याइतकंच जपून शेतावर आलं.

पाहुणे आले. पोराने काळी शेरवानी घातली होती आणि डोक्यावर गोंड्याची रुमी टोपी. हरभऱ्याच्या रानातून तो असा जपून चालत होता की जणू जमीन नुकतीच सारवलीय. बाया बैलगाडीच्या आड बसल्या, अक्का त्यांच्या मधोमध. जेवणं झाली. कोपीजवळच्या घोंगडीवर पुस्तक पडलेलं पोराला दिसलं आणि त्याने ते उचललं. अप्पांना वाटलं, देवच पावला. ते म्हणाले, “वाचा की जरा मोठ्यानं. समद्यांना ऐकू द्या.”

उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होतं. त्याने आपल्या सवयीने पुस्तक पालथं केलं, मागचा पुठ्ठा उघडला, समोर आलेलं पान नीट केलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. ते शेवटचं पान होतं. नायिका दारात उभी होती आणि नवरा तिला पाहून म्हणत होता की तू जिवंत आहेस!

गाडीआडून जो गलका उठला त्याने बैल उठून उभे राहिले. बाई मेली म्हणणाऱ्या बायांनी कपाळं बडवली आणि जगली म्हणणाऱ्यांनी तर जास्तच बडवली, कारण जिंकण्याची मजा गेली होती. आणि अक्का उठली. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासमोर, कॉलरचं पोलकं घातलेली अक्का गाडीआडून बाहेर आली आणि म्हणाली, “कुणी सांगितलं तुमाला मागून उघडाया? दसऱ्यापासून वाट बघायलाव आमी!”

अप्पांचा चेहरा अंबिलासारखा पांढरा झाला. पोरगा पुस्तक छातीशी धरून उभा. “आमच्याकडं हिकडूनच सुरू व्हतंय,” तो हळूच म्हणाला. हे स्थळही गेलं असं आम्ही सगळ्यांनीच मनात धरलं. तेवढ्यात पोराची आई, इतका वेळ उरलेली भज्जी खात बसलेली, पुढे सरकली.

“जित्ती हाय म्हंजे? मेली कवा व्हती?”

तिने अक्काकडे बघितलं. “अगं पोरी, सांग की. कामून उभी राह्यलीस?”

मग अक्काला सांगावंच लागलं. आधी झालेली सगळी गोष्ट तिने त्या बाईला तोंडी सांगितली आणि उरलेली पानं वाचायला घेतली. उन्हं तुरीच्या मागे गेली तरी वाचन चालूच होतं. पाहुण्यांतले पुरुष कंटाळून बांधावर हुरडा शोधायला निघून गेले. पोरगा गेला नाही. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली होती. वाहून गेलेल्या बायकोला नवरा नदीकाठी हाका मारत फिरतो, ते पान आलं तेव्हा हा गडी टोपीच्या गोंड्याने डोळे पुसत होता. मी अक्काला कोपराने ढोसलं. तिने आधीच पाहिलं होतं.

घरी परतताना गाडीत अव्वाने भीतभीत विचारलं, तुझं काय म्हणणं? अक्का रस्त्याकडे बघत होती. “शेवट ठाऊक असूनबी उठला न्हाई,” ती म्हणाली. एवढंच बोलली, आणि चैत्रात लग्न झालं.

दाजींची सवय काही गेली नाही. कुठलंही पुस्तक आलं की त्यांचा हात आधी मागच्या पुठ्ठ्याकडे जायचा, आणि जेवताना शेवट तोंडातून निघून जायचा. अक्का भांडली, रुसली, पुस्तकं ज्वारीच्या कणगीत लपवून झाली. शेवटी तिने गोधडीची सुई घेतली. नवीन पुस्तक आलं की मागची पानं पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून बंद करायची, आणि दोघं वाचत तिथवर पोचले की दोघांनी मिळून दोरा तोडायचा. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तक्रार सांगत, “बायकोनं पुस्तकाला लंगोट बांधलाय बघा.” मी गेले की दाजी माझ्यासमोर मुद्दाम तो दोरा नखाने उचकटल्यासारखं करायचे आणि अक्का त्यांच्या हातावर चापट मारायची. सासूबाई तूर निवडत ऐकायच्या आणि मध्येच कुणी बोललं तर ओरडायच्या, “गप बसा, सून वाचायलीय.” अक्काला हवं होतं ते घर तिला मिळालं होतं. मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो मी तिच्या लुगड्याला नावं ठेवून लपवायची.

मग ते खराब वर्ष आलं. संस्थान टिकवायला निघालेल्या टोळ्यांची गावोगावी दहशत बसली. सरहद्दीलगतची माणसं बायका-मुलं घेऊन सोलापूरकडे निघाली. आम्ही गेलो, अक्का सासूबाईंना घेऊन आली. दाजी शेत आणि बैल सोडून यायला तयार नव्हते. “म्होरं व्हा, मागून येतो,” म्हणाले. अक्काने निघताना कपड्यांत एक पुस्तक घातलं. दोघांचं अर्धं वाचून झालं होतं आणि शेवटाला टाके तसेच होते.

सोलापुरात एका धर्मशाळेच्या ओसरीवर आम्ही राहिलो. जवळच वाचनालय होतं. अक्का तिथली पुस्तकं आणून निर्वासित बायांना वाचून दाखवी, पूर्वीसारखीच, कॉलर लावून, स्वतः पिठाला हात न लावता. पण ते एक पुस्तक उशाशीच राही. दाजींचा निरोप नाही, निंबर्ग्याकडून येणारा प्रत्येक माणूस वेगळंच काही सांगायचा. एकदा मी ते उचलून चिडून म्हटलं, “तोड तो दोरा आन वाचून टाक. किती दिवस आसं बसणार?” तिने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. टाके शाबूत आहेत का ते बोटाने चाचपून पाहिलं. त्यानंतर मी तिला त्यावरून कधी चिडवलं नाही.

पाऊस ओसरला, राज्य बदललं, आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी दाजी ओसरीसमोर येऊन उभे राहिले. टोपी नव्हती, शेरवानी नव्हती, दाढी छातीपर्यंत आलेली. सासूबाईंनी आधी ओळखलंच नाही. अक्का ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, आत गेली आणि पुस्तक घेऊन बाहेर आली. रडत होती आणि हसतही होती. दाजींनी खूण घातलेलं पान शोधायला पुस्तक सरळ धरलं. अक्काने ते त्यांच्या हातातच पालथं केलं आणि मागचा पुठ्ठा वर आणला.

“आज तुमच्या बाजूनं उघडा,” ती म्हणाली.