गोविंदाकाकांची तलंग

कोलशेतला मी ज्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतलीय, ते गोविंदाकाका रोज सकाळी सगळ्या कोंबड्या टोपात टाकतात. तोंडाने. दात घासता घासता पोर्चमधल्या स्कूटरच्या सीटकडे बघतात, रात्रीत कोण कोण तिथे बसून काय काय करून गेलंय त्याचा अंदाज घेतात आणि ओरडतात, "टाकतू आज सगल्यांना टोपान!" कोंबड्या ऐकून घेतात आणि चप्पल घातलेल्या त्यांच्या पायांभोवती गोळा होतात. दाणे मिळायची वेळ तीच असते.

काका तरुणपणी मिठागरावर होते. पुढे खाडीकडच्या जमिनी टॉवरवाल्यांकडे गेल्या. घर राहिलं आणि मागचा परस राहिला. परसात केळी, एक शेवगा आणि जयाकाकूंचं खुराडं. कोंबड्या काकूंच्या, शिव्या काकांच्या, अशी कामाची वाटणी.

ही मंडळी म्हणजे एकेक नमुना. कोंबडा गेटबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या दारात स्वतःला बघतो आणि मारामारीला उभा राहतो. पांढऱ्या गाडीचं त्याला काही नाही, काळी दिसली की संपलं. मामी नावाची म्हातारी कोंबडी मऊ गवताचं खोकं सोडून माझ्या हेल्मेटात अंडं घालते. कामाला जाताना मी आधी हात घालून बघतो, मगच डोकं घालतो. उलट्या पिसांची झिपरी समोरच्या टॉवरमध्ये पाहुण्यांच्या मागोमाग शिरते. तिथला वॉचमन आता तिला अडवत नाही. "कुठल्या फ्लॅटला?" एवढं फक्त विचारतो.

आणि एक तांबूस तलंग. तलंग म्हणजे वाढीला लागलेली, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हिला नाव नव्हतं. काकूंच्या घरात नाव अंडं घातल्यावर मिळतं. नियमच आहे तसा. अंडं देणारी कोंबडी कापायची नाही, कापायचे ते कोवळे कोंबडे आणि तलंगी. मग आज ना उद्या कापायचीय तिला नाव कशाला द्या?

मध्ये काकू कल्याणला गेल्या. त्यांच्या मुलीचं, कल्पिताचं, दुसरं बाळंतपण. थोरल्याची शाळा तिकडे, म्हणून या खेपेला लेक माहेरी न येता माहेरच तिकडे गेलं. खुराडं काकांच्या गळ्यात पडलं.

"तीन टाइम दाना टाकाचा, पानी बदलाचा, सांजचं मोजून आत घ्याचं," काकू रिक्षात बसताना म्हणाल्या.

"मी काय कोंबरीवाला हाय?" काका म्हणाले.

आठवडाभरात तलंग त्यांच्या बशीतून चहा पिऊ लागली. काका परसात खुर्ची टाकून पेपर वाचायचे, ही त्यांच्या पावलावर येऊन बसायची. पाय अवघडला तरी हलवायचे नाहीत. मी वरून बघतोय हे कळलं की म्हणायचे, "उवा झाल्यात हिला. खाजवाला बसते." मग हळूच बोटाने तिची मान खाजवायचे. उवांसाठीच बहुतेक.

कल्पिताला मुलगा झाला, ऑपरेशन करून. पोरगी अगदी पांढरी पडली होती, जेवण जात नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. काकांनी नेहमीप्रमाणे स्पीकरवर घेतला.

"ऐकता का? कल्पिता सूप मागते. बाजारचा नको बोलते, आपल्या खुराड्यातला पायजे. रविवारी येताना तलंग आना."

काकांनी पायाकडे बघितलं. पायावर ती बसली होती.

"कोंबरा आनू का?"

"म्हातारा कोंबरा घालता लेकीला? तलंग आना."

आता सांगतो, काकांचं लेकीवर प्रेम कमी नाही. बाळ झाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी समोरच्या अख्ख्या टॉवरच्या वॉचमनांना पेढे वाटले होते. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण एक फट होती, आणि ती काकूंच्याच नियमात होती. रविवारच्या आत तलंगीने अंडं घातलं, तर ती तलंग राहत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून परसात परीक्षेचं वातावरण. काका तिला भिजवलेले गहू घालायचे, सुका जवळा घालायचे. त्या जवळ्यासाठी मामी आणि झिपरी वेड्या व्हायच्या, तर काका त्यांना केळीच्या पानाने हाकलायचे. "तुमचा झाला सगला. हिचा होवाचा हाय." मिठागरातली जुनी पाटी काढून तिच्यात गवत घातलं. तलंग पाटीत शिरली, गोल फिरली, बाहेर आली आणि बशीकडे गेली.

"तुरा लाल झालाय का रे, सुशांत? नीट बघ."

"झालाय थोडा."

"थोडा म्हंजे? आज घालेल का?"

"काका, मी आयटीआय केलंय. फिटर आहे मी."

शेजारच्या कोणीतरी सांगितलं, पाटीत दुसरीचं अंडं ठेवा, बघून तिला सुचेल. काकांनी माझ्या हेल्मेटातून मामीचं अंडं काढलं आणि पाटीत ठेवलं. तलंग अंड्याशेजारी बसली, डोळे मिटून. काकांनी तेवढ्यात फोटो काढला. आणि मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, फोटो काकूंना पाठवून दिला. खाली लिहिलं, 'घातला'.

फोन लगेच आला.

"कोनी घातला?"

"तिनी. दिसतं ना फोटोत."

"पयल्या वेताचा अंडा कवडा असतो? लिंबाएवढा. हा मामीचा हाय. मना शिकवता?"

काकांनी पाटीतलं अंडं काढून घेतलं. शेवटी म्हणाले, "बरा. आनतो रविवारी."

फोन ठेवून ते बराच वेळ गवत सारखं करत बसले. त्या दिवशी कोणालाही टोपात टाकलं नाही.

रविवारी तलंग बाजाराच्या पिशवीत बसली, मान बाहेर काढून. पाठीमागे दुधीभोपळा आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन मी. रिक्षात काका पिशवी मांडीवर घेऊन सरळ समोर बघत होते. तलंग मात्र सगळा रस्ता बघत होती. कधी ट्रक, कधी होर्डिंग, आणि मधूनच काकांच्या शर्टाचं बटण टोचत होती. त्यांनी टोचू दिलं.

कल्याणला कल्पिता पलंगावर उशीला टेकून बसली होती. ओठांना रंग नव्हता, पण वडलांना बघून हसली.

"बाबा, आणलीत ना? आपल्यातलीच ना?"

"आपल्यातलीच," काका म्हणाले आणि बाळाकडे बघायला लागले.

काकूंनी पिशवी उचलून स्वयंपाकघरात नेली. मागून काका, मागून मी. काकूंनी तलंग काखेत धरली, शेपटीखाली बोटं लावून हाडांमधली फट चाचपली. एकदा, पुन्हा एकदा.

"दोन बोटं जातात," त्या म्हणाल्या. "आज-उद्याकडे घालेल."

काका खिडकीशी गेले. खाली कोणाची तरी गाडी धुणं चाललं होतं, ते लक्ष देऊन बघू लागले. "काप," म्हणाले. "पोरीचा बघ. मना काय."

तलंगीने काकांच्या आवाजाकडे मान वळवली. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे. बराच वेळ त्या पाठीकडेच बघत राहिल्या.

"सुशांत," त्या हळूच म्हणाल्या, "खाली जा. मार्केटात गावठी मिलते. तलंगच बघ. साफ करून काल्या पिशवीत आन. आनि पोरीच्या समोरून जाताना तोंड उघडू नको."

"पण काकू, हिने अजून घातलंय कुठे? नियम—"

"नियम कोनाचा हाय?"

"तुमचा."

"मग मना नको शिकवू. जा."

काका खिडकीतून वळलेच नाहीत. फक्त कान लाल झाले.

मी आणली. काकूंनी आलं, मिरी, लसूण घालून सूप केलं. घरभर वास सुटला. आमची तलंग न्हाणीघरात, उलट्या बादलीखाली, हवेला फट ठेवून. कल्पिताने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी ती अशी मन लावून खात होती. काकू पलंगाच्या कडेला, काका दारात. दोघेही तिच्या वाटीकडे बघत होते.

"आई, आपल्या कोंबडीची चवच वेगळी गं," ती म्हणाली. "बाजारच्या कोंबडीला ही चव नाही."

"मग," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात न्हाणीघरातून स्वच्छ आवाज आला. कोक्, कोक्, कोकॉक्.

कल्पिताचा चमचा थांबला. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दुधीभोपळ्याकडे.

"माजा मोबाइल," काका म्हणाले.

"मग घ्या ना, बाबा."

काकांनी खिशातून मोबाइल काढला, कानाला लावला. "हां, बोल," ते गंभीरपणे म्हणाले. "नाय नाय. सगला बरा हाय. सांजच्याला घरी येतो घेऊन."

कल्पिताने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मग वाटी संपवून आईपुढे धरली.

"अजून दे," ती म्हणाली. "आपलीच आहे ना."