खंडेनवमीचा लॅपटॉप

मुलांनो, खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, ती तुम्ही फोटोत पाहिली आहे. तुमच्या पणजोबांकडे विळे-कोयते असत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई, माझ्याकडे शिलाई मशीन, कात्री आणि अडकित्ता. तरी मी सगळं रीतीने करते. आधी साफसफाई, मशीनला तेल, मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. वर्षभर राबते, एक दिवस तिला निजू द्यावं, असं माझी आई म्हणायची.

बोंडअळीने कपाशी पोखरली आणि अकोटकडच्या कितीतरी घरांत दिवाळीची खरेदी झालीच नाही, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे तुमची आत्या, अकोल्याला शेतीचं पुढचं शिक्षण घेत होती. दोन हंगाम ती अकोटच्या भोवतालच्या गावांत हिंडली होती. शेतात बसून बोंडं फोडायची, अळ्या मोजायची, तिथल्या तिथे लॅपटॉपमध्ये भरायची. बहिणीच्या घरी माणसांचा राबता, म्हणून शेवटचं लिखाण करायला ती अमरावतीला माझ्याकडे आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला परीक्षकांपुढे सगळं मांडायचं होतं.

नवमीच्या सकाळी ती म्हणाली, "मावशी, दोन गावांचे आकडे उलटसुलट झाले वाटते मले. आज बसून तपासतो. पण हा लॅपटॉप लय तापून राहिला, पंखा नुसता बोंबलते." आणि झेंडू आणायला बाजारात गेली.

मला वाटलं, हिच्यासाठी एवढं तर आपण करू शकतो. खोलायची पद्धत मी इंटरनेटवर इंग्रजीत वाचली, दोनदा वाचली. स्क्रू हरवू नयेत म्हणून इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवले. पंख्यात कापसाचे तंतू गुंतून त्यांची गादी झाली होती. ती चिमट्याने काढली. वाचलं होतं तसं रॅमची पट्टी बाहेर काढून तिची टोकं खोडरबरने पुसली. इथवर सगळं ठीक होतं.

मग माझ्या मनात आलं, मशीनची पूजा आपण झाकण उघडून करतो, सुईच्या पट्टीवर अक्षता टाकतो. काम करणारा भाग तो, वरची पेटी नव्हे. म्हणून मी लॅपटॉपही उघडाच पाटावर ठेवला. कुंकवाचं बोट कडेच्या प्लॅस्टिकला लावलं, कोरड्या अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. नंतर अक्षता ब्रशने झटकल्या, पट्टी बसवली, स्क्रू लावले.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळाच.

चार्जर काढला, बॅटरी काढली, बटण दाबून धरलं, पुन्हा जोडलं. काळाच. स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारून पाहिला, कुठे अंधूक अक्षरं दिसतात का. नाही. केबलने टीव्हीला जोडला, टीव्हीवरही काही येईना. तेव्हा कळलं, दोष स्क्रीनचा नाही. आत आहे, जिथे माझा हात गेला होता तिथे.

फाटक वाजलं. मी लॅपटॉप मिटून पाटावर ठेवला आणि वर हाताला लागलं ते फूल ठेवलं.

"हे काय मावशी? याची पूजा कायले केली?"

"तुझं हत्यार हेच नाही का. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

ती हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "तासभर दे ना. आकडे तपासतो अन् पुन्हा ठेवून देतो. देवी काय माह्यावर केस करणार हाय?"

"आपल्या घरात नाही चालत," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. आयुष्यात कुणाला सोवळंओवळं न सांगितलेली बाई. तिने वाद घातला नाही. मावशीचं घर, मावशीची रीत. दुपारभर ती गवारीच्या शेंगा मोडत बसली आणि अधूनमधून पाटाकडे पाहत राहिली. सांगावं असं दर थोड्या वेळाने वाटे. दर वेळी वाटे, उद्यापर्यंत काहीतरी सुचेल, आपोआप सुरू होईल. जणू तो खरोखरच झोपला होता.

दसऱ्याला ती आंघोळ करून आली, फूल उचललं, बटण दाबलं. मग सांगावंच लागलं.

तिने फूल खाली ठेवलं. "बिघडला त्याचं काही नाही मावशी. काल कावून नाही सांगतलं?"

मी स्क्रूड्रायव्हर आणून दिला. आम्ही दोघींनी तो पुन्हा उघडला. तिने नीट पाहिलं आणि पट्टी काढली. पट्टीच्या खाचेत एक पिवळा तांदूळ आडवा पडला होता. त्याच्यामुळे पट्टी तळापर्यंत बसलीच नव्हती.

"बरं झालं, तू नैवेद्य नाही दाखवला," ती म्हणाली. "नाहीतर आतून श्रीखंड काढा लागलं असतं."

तांदूळ काढला, पट्टी खटकन बसली, स्क्रीन उजळला. मी रडले, ती नाही. तिला वेळच नव्हता. दसऱ्याचा दिवस तेवढा हाती होता, आणि मांडणीची अर्धी पानं व्हायची होती. तिने पानं पुरी केली. आकडे तपासायचे राहिले.

पहाटेच्या एसटीने ती अकोल्याला गेली. दुपारी फोन आला. परीक्षकांना नेमकी तीच दोन गावं खटकली. फवारणी झालेल्या गावात अळ्या जास्त, न झालेल्या गावात कमी. ती म्हणाली, आकडे उलट पडलेत. ते म्हणाले, आता कसं मानायचं? या दोन गावांत आणखी एक हंगाम मोजा, मग या.

तिने हे हसत सांगितलं.

पुढच्या हंगामात मी एकदा हट्टाने तिच्याबरोबर गेले. कपाशी कमरेइतकी होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निंदण काढणाऱ्या एका बाईने तिला लांबूनच ओळखलं. त्या बाईने आदल्या वर्षी तिच्यासाठी बोंडं वेचून पदरात बांधून ठेवली होती.

"पुन्हा कावून आली वो पोरी? मांगच्या साली त सारं भरून नेलं होतं."

"एक गोष्ट तपासाची राहून गेली होती काकू."

"राहते," बाई म्हणाली. "घरी काम पडलं असंन."

"हो," ती म्हणाली आणि ओळीत खाली बसली. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. मला बोंड कसं फोडतात तेही येत नव्हतं. तिने न विचारताच एक माझ्या हातात दिलं. मीही तिच्या शेजारी मातीत बसले.