कुंद्याचं रान आणि माझं व्याख्यान

यवतमाळ जिल्ह्यात फिरायला जाणार असाल तर मे महिन्यात जाऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. मी गेलो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्यात नवाकोरा प्राध्यापक होतो आणि ‘मनाची मशागत’ या विषयावर गावोगाव व्याख्यानं देत हिंडायचो. रान नांगरावं तसं मन नांगरावं, विचारांचं बी पेरावं, वगैरे वगैरे. टाळ्या दणकून पडायच्या. खऱ्या नांगराला मी जन्मात हात लावला नव्हता.

माझा एक लेख वाचून सुदाम नावाच्या मुलाचं पत्र आलं. घाटंजीपासून बैलगाडीनं सहा-सात तासांवर त्याचं खेडं. मॅट्रिक झालेला. छप्पन साली घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून बापानं गावकीची कामं सोडली. ‘आमच्या वस्तीत बोलायला बाहेरचं माणूस अजून कुणी आलेलं नाही,’ त्यानं लिहिलं होतं. ‘तुम्ही आलात तर पोरं वाचायला लागतील. शुक्रवारी दुपारी घाटंजीच्या स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो.’ मी हुरळून गेलो. उलट टपाली होकार कळवला आणि ट्रंकभर जुनी पुस्तकं भरली.

मनमाडला गाडी बदलून धामणगावला उतरलो, तिथून एसटीनं यवतमाळ. आता रस्ते चकाचक आहेत, तेव्हा खिडकीतून धूळ आणि झळा दोन्ही सारख्याच आत यायच्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या उघड्या डोक्याकडे बघून न विचारता स्वतःचा दुपट्टा माझ्या कानांभोवती गुंडाळला. “पुन्याचे दिसता,” म्हणाला, “असे मरसान ना!” तुम्ही जाल तेव्हा कान झाका आणि खिशात कांदा ठेवा. मी गुरुवारी दुपारी यवतमाळला पोचलो आणि वकील झालेल्या एका कॉलेजमित्राकडे उतरलो. वाळ्याचे पडदे, ताटभर जेवण, वाट्या वाट्या आमरस. मित्र म्हणाला, “उद्या संध्याकाळी आमच्या मंडळींपुढे बोल, सगळे जमतील. परवा जा.”

मी थांबलो. सुदाम थांबेल की, असं म्हणालो. त्याला कळवायची काही सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी ती शोधलीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी गावातले वकील-डॉक्टर पुढे बसले, मी मनाच्या मशागतीवर दीड तास बोललो, हार पडला. रात्री पुन्हा रस झाला.

शनिवारच्या एसटीनं घाटंजीला पोचायला दुपार झाली. आठवडी बाजार नव्हता, त्यामुळे स्टँडवर चहाची एक टपरी आणि शेवेचे ढीग घेऊन बसलेली एक बाई, एवढंच. शेव घ्या, झकास असते. लिंबाच्या झाडाखाली बैल सोडलेली गाडी आणि शेजारी उकिडवा बसलेला काळासावळा पोरगा. मला बघताच ताडकन उठला.

“जय भीम, गुरुजी! या जी, या!”

“फार वेळ थांबलास का रे?”

“नाई जी. कालच आलतो.”

कालच! मला हसू आलं, बोलायची पद्धत वाटली. त्यानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. ट्रंक त्यानं एकट्यानं चढवली. रस्त्यात मी खूप बोललो, सागाच्या जंगलाची तारीफ केली, उन्हातल्या झाडांची नावं विचारली. तो सारखा सूर्याकडे बघायचा आणि बैलांना हाकायचा. एका बैलाचा खांदा सुजला होता, म्हणून वाटेतल्या खेड्यात मुक्काम करावा लागला. मी विचारलं, “घाई आहे का काही?” म्हणाला, “काई नाई जी. तुमी आले, बस झालं.”

रविवारी दहाच्या सुमारास वस्ती आली. बायांनी अंगण सारवलं होतं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. तसं भरीत मी पुन्हा खाल्लं नाही. संध्याकाळी सगळी वस्ती बसली आणि मी तेच व्याख्यान दिलं. सुदामचा बाप अगदी पुढे, गुडघ्यांना मिठी मारून. त्याचे तळहात मला दिसत होते, फोड फुटून सालं निघालेले. मी मात्र बोलत होतो: आळशी मनात तण माजतं.

सोमवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. शेतात गेलो तेव्हा सगळं कळलं. ती सरकारी पडीक जमीन होती, या कुटुंबाला अटीवर मिळालेली: ठरल्या मुदतीत पूर्ण वाहितीखाली आणा, नाहीतर परत. आणि जमिनीत कुंदा. कुंदा म्हणजे हातभर खोल मुळांचं गवत. नांगरानं निघत नाही, सब्बल म्हणजे पहार घेऊन एकेक गाठ खणावी लागते, एक राहिली तरी पुन्हा सगळं रान धरतं. तीन उन्हाळे सुदामच्या घरचे चौघे खणत होते. खणून झालं होतं. आता ढेकळं फोडून वखर फिरवायचा, की रान वाहितीचं दिसलं असतं. बैलजोडी मामाची, चार दिवसांसाठी मागून आणलेली. शुक्रवारी मला आणायचं, शनिवार-रविवार वखरायचं, सोमवारी पाहणी. असा हिशोब होता.

ते दिवस बैलांनी माझ्या पायी घाटंजीच्या लिंबाखाली आणि रस्त्यावर काढले, आणि रविवारी उरलेल्या वेळात सुजला खांदा जू घेईना. पहाटेपासून सुदाम आणि बाप सुजल्या खांद्याच्या बैलाला जुंपू बघत होते. बैल बसला, उठेचना. मग बापानं स्वतः जू धरलं. मला बघवेना. अर्ध्याहून जास्त रान तसंच ढेकळांचं, आणि कडेनं कुंद्याची हिरवी पाती वर आलेली.

पाहणीचा साहेब आला. वाईट माणूस नव्हता. बांधावर उभा राहिला, म्हणाला, “मी आज जे आहे तेच लिहू शकतो.” बाप हात जोडून म्हणाला, “दोन दिवस द्या जी. दोनच.” साहेबानं मान हलवली. मी पुढे झालो, मोठ्या आवाजात म्हणालो, “अहो, या माणसांनी तीन वर्षं रक्त आटवलंय!”

“आपण कोण?”

“प्राध्यापक. काल इथे माझं व्याख्यान होतं.”

“अच्छा. विषय?”

मी मागे सरलो. सुदाम खाली बघत होता. साहेबानं कागद भरला, घडी घातली आणि निघून गेला.

मी सुदामला म्हणालो, “अरे, एका निरोपानं मला सांगायचंस, मी आलो नसतो! निदान शुक्रवारी परत तरी जायचंस!”

“पाहुण्याले बोलावून स्टँडवर सोडून येऊ?” तो म्हणाला. “आमच्या इथं पयल्यांदा कोनी येऊन राह्यलं होतं जी.”

त्याची आई ढेकळांतून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तुमी यवतमाळात काहून थांबले, गुरुजी?”

“गाडी चुकली,” मी म्हणालो.

घरी परतलो. पाठीला घामोळं, ट्रंक रिकामी. लोक विचारायचे, विदर्भ कसा आहे? मी सागाचं जंगल सांगायचो, भरीत सांगायचो. शरम वाटायची आणि तरी सांगायचो. ते व्याख्यान मी पुढेही दिलं, बोलावणी यायची तेव्हा नाही म्हणवलं नाही.

दिवाळीच्या आसपास सुदामचं पत्र आलं. जमीन गेली होती. चौघंही आता दुसऱ्यांच्या रानातला कुंदा खणायला मजुरीनं जात होते. तीन वर्षांत हात बसला म्हणून लोक आवर्जून बोलावतात, असं लिहिलं होतं. शेवटी खाली होतं: ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आई म्हणते, गाडी चुकली त्याला पाहुणा काय करील.’

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही.