भिंतीतली वाट

संडरलंडच्या गोदीत नोरा फेनिक रंगारी होती. लढाईने पुरुष नेले तसे बायकांच्या हाती ब्रश आले. जहाजाच्या पोटात उतरून कोऱ्या पोलादाला तांबडा रंग फासायचा, हे तिचं काम. तेलवाहू जहाजं तिथे साच्यातून काढल्यासारखी बनत. एक झाकावं नि दुसरं काढावं, फरक फक्त नावाचा. त्यातल्याच एकावर तिचा एकुलता एक मुलगा ऑसवल्ड पंपांवर कामाला होता.

जहाज अटलांटिकमध्ये बुडालं. तार आली: बेपत्ता. मोठा दुष्ट शब्द. मेला म्हणत नाही, जिवंतही म्हणत नाही, माणसाला नुसता ताटकळत ठेवतो.

मग वाचलेला एक खलाशी घरी आला. टोपी चुरगाळत म्हणाला, "काकू, ऑसी पंपांच्या खोलीत होता. वर शिडीच्या तोंडाशीच आग पेटली."

"शिडी कशाला हवी?" नोरा म्हणाली. "भिंतीत वाट आहे की! थेट इंजिनाच्या खोलीत निघते. रंगाची बादली घेऊन रोज मीच जायची तिथून."

खलाशी टोपी घालून उठला. चहाही न घेता गेला.

तेव्हापासून नोराने तीच गोष्ट गल्लीभर सांगितली. शेजारची मिसेस ट्युलिप एकदा न राहवून म्हणाली, "अगं, खिडकीचे पडदे ओढ आता. तू ओढलेस की आम्ही ओढू. मेलेल्याला एवढा तरी मान द्यावा."

"तुम्हाला एवढी घाई असेल तर स्वतःच्या माणसांसाठी ओढा!"

हे गोदीत मुकादम रॅल्फ हेस्कच्या कानावर गेलं. चांगला माणूस, पण त्यालाही तोंड उघडवेना. शेवटी नवं जहाज पाण्यात सोडायची वेळ आली, तेव्हा तो नोराला पंपांच्या खोलीत घेऊन गेला. भिंतीतल्या त्या वाटेपाशी दोन कामगार पोलादाचा पत्रा धरून उभे होते.

"नोरा, ही वाट जहाज बांधताना आपल्याला ये-जा करण्यापुरती कापतात. मग बुजवतात. तेलाची वाफ इंजिनापर्यंत गेली तर जहाजच उडेल गं."

"प्रत्येक जहाजात बुजवतात?"

"प्रत्येक."

नोरा भिंतीला हात लावून उभी राहिली. ऑसीचं जहाज पाण्यात सोडायच्या घाईगर्दीत तिला इंजिनाच्या बाजूने बोलावलं होतं, भिंतीवर एक पत्रा कोरा राहिलाय म्हणून. पलीकडे काय आहे, हे तिने विचारलंही नव्हतं.

"रॅल्फ, ऑसीच्या जहाजातला तो पत्रा मीच रंगवला. दोन हात दिले. चांगला झालाय म्हणालास तू."

रॅल्फच्या डोळ्यांत पाणी आलं. पत्रा धरलेल्यांचे हात भरून आले होते, पण कुणी तिला सरक म्हणेना.

"माझा ऑसी गेला," नोरा म्हणाली, आणि त्यांना जागा देण्यासाठी स्वतःच बाजूला झाली.