भिंगबाईची खरेदी

भिंगबाईला किळस येणार नाही अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची होती. लिफ्टचं बटण ती किल्लीच्या टोकाने दाबायची. बँकेत दोरीला बांधून ठेवलेलं पेन नुसतं दिसलं तरी ती पर्समधून स्वतःचं काढायची. कुणाकडे गेली की पाण्याचा पेला आधी खिडकीच्या उजेडात धरून बघायची आणि मग तोंडाला लावायची. साहजिकच तिला घरी बोलावणारी माणसं हळूहळू कमी झाली, आणि तिलाही त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

अर्थात हा नुसता चक्रमपणा नव्हता. याच गुणावर तिचं पोट चाललं होतं. इस्पितळाच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुण्याचा विभाग आहे, तिथे ती एकोणतीस वर्षं होती. वरून रक्ताने माखलेले चिमटे, कातऱ्या, नळ्या खाली येत. त्या ब्रशने घासायच्या, दिव्याला जोडलेल्या मोठ्या भिंगाखाली एकेक तपासायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या लोखंडी यंत्रात, शेकून काढायच्या. कातरीच्या खिळ्यापाशी टाचणीच्या टोकाएवढं रक्त राहिलेलं तिला दिसायचं आणि सगळा ट्रे परत पाण्यात जायचा. तिचा हा चष्मा घरीदारी सुटत नसे. समोर कुठलीही वस्तू आली की तिच्या मनात पहिला प्रश्न हाच यायचा, हिचा सांधा कुठे आहे आणि त्यात काय साठलं असेल?

आता हिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, सांगावंसं वाटत नसलं तरी. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, पगारी, निर्व्यसनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत सज्जन म्हणून नावाजलेला. बायकोजवळ आला की काम उरकायचा आणि उरकताक्षणी उठून न्हाणीघरात जायचा. तिथे एका वेगळ्या बशीत एक वेगळा लाल साबण असायचा, औषधी वासाचा, खास त्या कामासाठी आणलेला. त्याने तो कोपरापर्यंत हात धुवायचा, दोनदा. ती अंधारात पडून नळाचा आवाज ऐकायची. मग तो दारात येऊन टॉवेलला हात पुसत म्हणायचा, "आता तू." आणि ती उठून जायची, त्याच साबणाने अंग घासायची. सव्वीस वर्षं. तो ओरडला नाही, त्याने हात उगारला नाही. फक्त हात धुतले, आणि त्या धुण्यातून तिला जे समजायचं ते समजलं. हत्यारांवरची घाण तिला भिंगाने दिसत होती. आपण स्वतः घाण आहोत हे तिने न बघताच मान्य करून टाकलं.

तो जाऊन तीन वर्षं झाली. साबण बशीत तसाच होता, त्याने आणलेला शेवटचा. अंगाच्या त्या भागाला हात लागला की ती अजून त्यानेच घासायची.

या गोष्टीला सुरुवात झाली ती बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पाळी थांबल्यापासून भिंगबाईला तपासणी सहन होईना. सगळं कोरडं, आवळलेलं, दुखरं झालेलं. डॉक्टरीणबाईंनी मलम लिहून दिलं, साबण काय वापरता विचारलं. "साधाच," भिंगबाई म्हणाली. "तिथे साबण अजिबात नको," त्या म्हणाल्या आणि मग लिहिता लिहिताच, खोकल्याचं औषध सांगावं तशा पुढे म्हणाल्या, "आणि एखादा व्हायब्रेटर घ्या. रक्त खेळतं राहील. तुमच्या शरीराला काय मानवतं ते निवांत शोधा."

भिंगबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती घरी आली आणि लाल साबणाने हात धुतले. पण ते 'निवांत शोधा' काही डोक्यातून जाईना. त्रेपन्न वर्षांच्या बाईला आजवर कुणी काय मानवतं असं विचारलंच नव्हतं. आपल्याला एकदा तरी, शिसारी न येता, सुख मिळेल का? हा प्रश्न तिला स्वतःला विचारायचीही लाज वाटली. तरी तो होताच, आणि आता हलणार नव्हता.

धाकट्या बहिणीला तिने ते हसण्यावारी नेत सांगितलं. धाकटी हे असलं ऐकून गप्प बसणारी नव्हे. चार दिवसांनी ती एक पुडकं घेऊन हजर.

"ताई, उघड. आणि नाक मुरडलंस तर बघ."

भिंगबाईने मुरडलं. मुरडेल नाही तर काय! आत एक भडक गुलाबी दांडा होता, त्यात चमकी, अंगावर उठवलेल्या शिरा, आणि नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा डोकं उठवणारा वास. हात लावला तर चिकट. दोन्ही बाजूंनी साच्याची शिवण वर आलेली, बटणाभोवती खाच, बॅटरीच्या झाकणाला आटे. म्हणजे घाणीला राहायला खोल्याच बांधून दिल्या होत्या. खोक्यावरची बाई तोंड उघडं टाकून डोळे मिटून पडलेली, दाढेच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी.

"शी! हे माणसाने बनवलंय?"

"पुरुषाने बनवलं असणार," धाकटी म्हणाली. "पण सिलिकॉन आहे, बघ, लिहिलंय. चांगलं असतं म्हणे."

सिलिकॉन हा शब्द भिंगबाईच्या ओळखीचा होता. विभागात सिलिकॉनच्या नळ्या रोज वाफेत जात आणि जशाच्या तशा बाहेर येत. धाकटी गेल्यावर तिने तो दांडा साबणाच्या पाण्यात घातला, घासला, पुन्हा घासला, तरी वास हटेना. आणि इथे तिने अशी चूक केली की जी तिच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणाला सुचणार नाही. तिच्या लेखी वाफेतून निघालेली वस्तू स्वच्छ, बाकी सगळं जग घाण. शिसारी घालवायचा एवढा एकच उपाय तिला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कामावर गेली. यंत्र तापावं म्हणून सकाळची पहिली फेरी रिकामी फिरवतात. त्या फेरीत तिने बॅटऱ्या काढलेला दांडा कागदात नीट गुंडाळून ठेवला, वर पट्टी चिकटवली, दार आवळलं आणि चहाला बसली.

अर्ध्या तासाने दार उघडलं आणि वाफेबरोबर जो भपकारा आला त्याने ती दोन पावलं मागे सरली. कागद फाटला होता. जाळीच्या फळीवरून गुलाबी लगदा तारा धरत खाली ओघळला होता, तळाशी त्याचं थारोळं झालं होतं, त्यात चमकी चमकत होती आणि मधोमध एक छोटी मोटर बुबुळासारखी वर बघत होती. भिंगबाईने तोंडाला रुमाल लावला आणि तेवढ्यात मागून मोठ्या सिस्टर आल्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे विभागाच्या प्रमुख. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या, कडक, त्यांच्यासमोर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी आत वाकून बघितलं.

"हे काय आहे?"

खोटं बोलायला भिंगबाईला वेळ होता. नळी वितळली म्हणता आलं असतं. पण यंत्राबद्दल तिने आयुष्यात खोटं सांगितलं नव्हतं.

"माझं आहे," ती म्हणाली. कानशिलं पेटली होती. "व्हायब्रेटर. खोक्यावर सिलिकॉन लिहिलं होतं. हत्यारं नव्हती आत, फेरी रिकामी होती."

सिस्टरनी लांब चिमटा घेतला, लगद्यात खुपसला, वर ओढला. ओढला तसा तो च्युइंगगमसारखा लांबला.

"सिलिकॉन कसलं! स्वस्तातलं रबरी प्लास्टिक आहे. हे अंगाला लावायला विकतात, मेल्यांच्या..." शिवी त्यांनी गिळली. "आणि तू तरी एवढी भिंगवाली, मोटरीसकट वाफेत घालतेस? असली वस्तू कितीही चांगली असली तरी वाफेत नाही घालायची. कोमट पाणी आणि साधा साबण, झालं."

"तुम्हाला काय माहीत?" भिंगबाई बोलून गेली.

"माझ्याकडे आहे. आठ वर्षं झाली."

भिंगबाई इतका वेळ लगद्याकडे बघून मळमळत होती. आता तिच्या डोळ्यांपुढे मोठ्या सिस्टर आल्या, टोपी, चष्मा, कडक इस्त्री आणि आठ वर्षं, आणि तिला वाटलं की त्यापेक्षा लगदा बरा. तिचं तोंड बघून सिस्टर म्हणाल्या, "शिसारी आली ना? येऊ दे. पहिलं यंत्र खरवड. वरची पहिली हत्यारं नऊला येतात."

ती ऑटोक्लेव्हमध्ये अर्धी आत शिरून खरवडत राहिली, आणि सिस्टर बाहेर स्टूल टाकून, नव्या कातऱ्या मागवताना सांगाव्यात तशा एकेक गोष्टी सांगत राहिल्या. अंगाला लागणारा भाग सलग हवा, वास नको, चिकटपणा नको. पाण्यात बुडवता आला पाहिजे. आत घालायचाच असतो असं कुणी सांगितलं? बाहेरून लावायचेही असतात, आणि पुष्कळ बायकांना तेच पुरतं. जोर कमीपासून वाढवता आला पाहिजे. हातात धरून बघायचा, बटण दाबून बघायचं. "तुझा अंगठा ब्रश धरून गेलाय. घट्ट बटणाचा घेतलास तर पाच मिनिटांत हात धरून बसशील. कुणाला काय आवडतं त्याच्याशी तुला काय करायचंय? हत्यार सर्जनच्या हाताप्रमाणे मागवतो ना आपण?"

"हो," यंत्राच्या आतून भिंगबाईचा आवाज घुमला.

शनिवारी ती दुकानात गेली. चष्म्याच्या दुकानावरचा मजला, काळी काच. वर जाताना जिन्याच्या कठड्याला तिने हात लावला नाही. आत भिंतभर माल टांगलेला, आणि बघावं ते किळसवाणं. जांभळं, नागमोडी, ससे, जिभा. एका खोक्यावर लिहिलं होतं, 'तिला वेड लावा'. कुणी कुणाला वेड लावायचं? विकत घ्यायला आलेली बाई त्या वाक्यात कुठेच नव्हती. तिला तिथून निघून जावंसं वाटलं.

गल्ल्यावरची मुलगी विणत बसली होती. सुया खाली ठेवून म्हणाली, "काकू, नमुने आहेत. लावून बघायचं तर नाकाच्या शेंड्याला लावून बघा. तिथे अंदाज येतो."

"किती जणींची नाकं लागलीत याला?"

मुलगी गडबडली. भिंगबाईने पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला, नमुना पुसला, पर्समधलंच छोटं भिंग लावून तपासला आणि मगच नाकाला टेकवला. पहिला माशीसारखा भुणभुणला, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याची शिवण नखाला लागली. तिसऱ्याचं बटण अंगठ्याने हलेना. चौथ्याचा आवाज भिंतीपलीकडे जाईल असा. असे अकरा झाले. मुलगीही आता इरेला पेटली होती, तिने आतून एक राखाडी वस्तू आणली. तळहातात मावणारी, चपटी, नदीतल्या गोट्यासारखी. शिवण नाही, वास नाही, तळाशी एकच बारीक भोक चार्जरचं, त्यालाही बूच. बोट नुसतं टेकवलं की सुरू होई, आणि तिची थरथर बारीक नव्हती, जाड होती, खोल जाणारी. नाकाला लावल्यावर ती भिंगबाईच्या दातांपर्यंत गेली.

"हिच्यावर चित्र का नाही?" तिने संशयाने विचारलं.

"म्हणून तर खपत नाही, काकू."

बुधवारी सुट्टी. दुपारी तीनला तिने दार लावलं, पडदा ओढला, वस्तू कोमट पाण्याने धुतली आणि पलंगावर आडवी झाली. सुरुवातीला सगळं चुकलंच. चादर टोचली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. जोर कमी केला. जागा थोडी बदलली. डॉक्टरीणबाईंचं 'निवांत' आठवलं. मग कधीतरी ती काही तपासायची थांबली, आणि जे व्हायचं ते झालं. सावकाश, तिच्याच हातात, आणि तोंडातून असा आवाज निघाला की तो आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना.

मग ती वाट बघत पडली. आता शिसारी येणार. ती यायचीच, सव्वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. कान आपोआप न्हाणीघराकडे लागले. तिकडे काहीच वाजलं नाही. पंखा फिरत होता. तास गेला असेल, ती तशीच पडून होती, हात न धुता.

वस्तू धुवायला ती उठली. नळ सोडला, सवयीने हात बशीकडे गेला आणि हवेतच थांबला. घरातली एकेक वस्तू तिने भिंगाखाली घातली होती, पण हा साबण? हा तर स्वच्छ करणारा, याला कोण तपासणार? तिने पर्समधलं भिंग आणलं आणि वाकली.

साबणाला उभ्या भेगा गेल्या होत्या. भेगांत काळा, ओला मळ बसला होता. बशीच्या तळाशी बुळबुळीत थर. आणि मधल्या भेगेत एक आखूड, पांढरा, राठ केस रुतला होता. नवऱ्याच्या हातावरचा.

तीन वर्षं ती हे अंगाला लावत होती.

शिसारी आली. पोटाच्या तळातून आली, घशाशी आली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती जिथे जायला हवी होती तिथेच गेली. भिंगबाईने स्वयंपाकघरातून लांब चिमटा आणला, बशीसकट साबण उचलला, नाक फिरवून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि मागोमाग चिमटाही टाकला.