जेठासमोरचा पदर

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, लिंबायतच्या एका वस्तीकेंद्रात समाजसेविका होते. मार खाल्लेल्यांना दवाखान्यात नेणं आणि साक्षीदारांना कोर्टापर्यंत सोबत करणं, हे माझं काम. कायद्याचं ज्ञान बेताचं, पण उपदेश करायची हौस दांडगी.

एका खान्देशी घरातल्या दोन जावांचं प्रकरण माझ्याकडे आलं. थोरलीला तिच्या नवऱ्यानं लूमच्या लोखंडी दांड्यानं मागून मारलं होतं. एक कान कायमचा गेला. मारणारा तिला दिसलाच नव्हता. दिसला होता तो फक्त धाकटीला. थोरली तेव्हापासून महिलांच्या सरकारी निवाऱ्यात, एका अरुंद खाटेच्या जागेत राहत होती. नवरा जामिनावर सुटलेला, आणि निवाऱ्याच्या दारात येऊन सांगून गेलेला की केस उडाली की तुला घरी नेतो. घरी नेऊन तो काय करणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

म्हणजे सगळी भिस्त धाकटीवर. तिचा नवरा, आरोपीचाच सख्खा भाऊ, सुरतेजवळच्या सचिन गावी कारखान्यात होता. त्यानं मान खाली घालून का होईना, परवानगी दिली होती. "खरं ते सांगू दे," एवढंच म्हणाला. मला तो माणूस आवडला होता.

मी धाकटीला महिनाभर पढवलं. पाणी कुठे मिळतं, कुठे उभं राहायचं, वकील ओरडला तर घाबरायचं नाही. वर माझं खास शहाणपण: "डोक्यावर पदर घे, नजर खाली ठेव. साहेबांवर चांगली छाप पडते." ती आज्ञाधारकपणे हो म्हणाली.

साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. घडलेलं सगळं तिनं हळू आवाजात नीट सांगितलं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, मारणारा इथे आहे का, दाखवा. ती गप्प. न्यायाधीश समजुतीच्या सुरात गुजरातीत म्हणाले, "बेन, सामे जुओ." बाई, समोर बघा. तिनं पदर आणखी घट्ट धरला. आरोपीचा वकील गालात हसला. साक्षीदार फुटली, असं मागे कुणीतरी कुजबुजलं.

शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, त्या मना जेठ शेतस. त्यास्ना म्होरे तोंड कसं उघडू?"

जेठ म्हणजे मोठा दीर; त्याच्यापुढे तोंडावरचा पदर वर करायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. मी नाशिकची. माझ्या मोठ्या दिरांशी मी पत्ते खेळायचे, भांडायचे. बारा वर्षांच्या संसारात या बाईनं जेठासमोर कधी चेहरा उघडा केला नव्हता, त्याचं नाव घेतलं नव्हतं, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. उलट नजर खाली ठेव म्हणून मीच बजावलेलं! स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. आणि कोर्टात मला तोंड उघडायची मुभा नव्हती.

मग तिनं दोन्ही हातांनी पदर मागे टाकला. पार खांद्यावर. मान वर केली, जेठाकडे बोट केलं आणि त्याचं नाव घेतलं. "यानीच मारं," ती म्हणाली.

मागच्या बाकावरून तिचा नवरा उठला. साक्षीला त्याची ना नव्हती. भर कोर्टात भावासमोर बोडक्या डोक्यानं उभी राहिलेली बायको मात्र त्याला सोसली नाही. तो आमच्याकडे न बघता निघून गेला.

बाहेर व्हरांड्यात थोरली बसली होती. धाकटी तशीच, उघड्या डोक्यानं, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ते गयात. आते मी कथा जाऊ?" नवरा निघून गेला, आता जायचं कुठे, हे ती मला नाही, जावेला विचारत होती.

मी निवाऱ्याचे नियम, अर्ज, साहेबांची सही, असलं काहीतरी पुटपुटायला लागले. थोरलीनं ते ऐकलंसुद्धा नाही. धाकटीचा हात धरून ती म्हणाली, "चाल. मनी खाटवर दोन्ही मावसूत."