सोपे गोल हुकवणाऱ्यांचा कोच

ग्रॅहम गेल्याचा मेसेज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा मी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या ऑफिसात शिपमेंटचे कागद तपासत होतो. कुणीतरी शनिवारच्या मॅचची वेळ विचारली होती आणि त्याच्याच खाली हे, "कोच ग्रॅहम झोपेतच गेले. हार्ट अटॅक." मी दोनदा वाचलं. मग एकच गोष्ट सुचली, एलिनाला हे स्कूल बसमध्ये मोबाइलवर कळता कामा नये. मॅनेजरला न सांगता गाडी काढली. शाळेच्या गेटातून ती बाहेर आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "डॅडी, इज इट मम्मी?" मी नाही म्हटलं आणि सांगितलं... या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

एलिना माझी मुलगी, चौदा वर्षांची, शाळेच्या मुलींच्या टीमची स्ट्रायकर. ग्रॅहम तिचा कोच. आम्ही वसईचे, त्यामुळे फुटबॉल घरात होताच, पण खराखुरा इंग्लिश स्ट्रायकर आपल्या मुलीला शिकवणार म्हटल्यावर मी पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नसणार, त्यात तुमचा काही दोष नाही. अठरा वर्षं तो तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनमधून खेळला. आपल्याकडे भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपला की गाद्या टेंपोत घालतो, तसा तो दरवर्षी-दोन वर्षांनी नव्या गावात. कुठे मॅनेजर बदलला, कुठे गुडघा सुजला, कुठे नुसतंच "आता गरज नाही." वरच्या डिव्हिजनमध्ये तो एकदाच खेळला, सात मिनिटं, आणि त्या सात मिनिटांत बॉल पायाला तीनदा लागला असं तो न विचारता सांगायचा. एकदा मी त्याला म्हटलं, आमच्या भाषेत तुझ्यासारख्याला बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतात. त्यानं बोटं दुमडत क्लब मोजले आणि गंभीरपणे म्हणाला, "तेरा. तुमच्या भाषेला सांग, एक राहिलं."

त्याची एक पद्धत होती. मॅच संपून टीमची बस निघाली की जिनं त्या दिवशी सगळ्यात सोपा गोल घालवला असेल तिनं पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी बसायचं. एलिना पहिल्याच सीझनमध्ये लागोपाठ तीन शनिवार पुढे बसली. मी गाडीनं बसच्या मागे असायचो आणि सिग्नलला शेजारी येऊन थांबलो की मला तिची वेणी पुढच्या काचेपाशी दिसायची. माझ्या शाळेत पुढे बोलावणं म्हणजे हातावर छडी. माझं डोकं फिरलं. घरी येऊन, एलिनाला एका शब्दानं न विचारता, मी शाळेच्या मॅनेजमेंटला दोन पानी तक्रार लिहिली. सर्वांसमोर अपमान, मुलीच्या मनावर परिणाम, सगळं व्यवस्थित मुद्द्यांत. माझी बायको सिल्व्हिया वाचून म्हणाली, "अरे विल्सन, आधी पोरीला विचार तरी! ऑफिसची कंप्लेंट आहे का ही?" पण तोवर मी सेंड केलं होतं.

आठवड्याभरानं एलिना घरी आली ती रडतच. कोचचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं थांबवलंय, कुणीतरी बसमधल्या सीटवरून कंप्लेंट केली, असं शाळेत पसरलं होतं. मी म्हटलं, "अगं, मीच केली. तुला पनिशमेंट देत होता ना तो?" ती उसळून म्हणाली, "पनिशमेंट? डॅडी, दॅट्स द बेस्ट सीट! ही टेल्स यू हिज वर्स्ट मिस्ड गोल्स!" मग तिनं सांगितलं. गोल हुकवायला आधी तिथपर्यंत पोहोचावं लागतं, जी लांब उभी राहते तिचं कधीच काही हुकत नाही, म्हणून पुढची सीट. त्या सीटवर बसलं की तो आपला एकेक हुकलेला गोल सांगायचा. गोलकीपर आडवा पडलेला, समोर दोन पावलांवर रिकामी जाळी, आणि ह्यानं बॉल मारला तो थेट गोलमागच्या चहाच्या टपरीवर. पुढच्या आठवड्यात त्या क्लबनं त्याला नारळ दिला होता. पोरी हसून हसून लोटपोट व्हायच्या, असं एलिना सांगत होती आणि सांगताना रडत होती.

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि साठीला टेकलेल्या माणसाला दुसरा कोण घेणार? इंग्लंडमध्ये त्याला एक बहीण सोडली तर कुणी नव्हतं. मला लाजेनं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला ग्राउंडवर गेलो आणि सरळ म्हटलं, "ग्रॅहम, ते लेटर माझं होतं. आय ॲम सॉरी." तो प्रॅक्टिसचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करत होता. म्हणाला, "वाचलं मी. छान लिहिलंयस. मला काढताना एकाही क्लबनं एवढे मुद्दे दिले नव्हते." मग कोन खाली ठेवून तो म्हणाला, "पण तुझी पोरगी गोल हुकला की आधी बॉलकडे बघत नाही, आधी तुझ्याकडे बघते. ते तू लेटरमध्ये लिहिलं नाहीस."

खरं होतं. मी लाइनवरून ओरडायचो, "अगं, डाव्या पायानं मार ना!" आणि गोल गेला की कपाळाला हात लावायचो. मला वाटायचं, मी तिला बळ देतोय.

मी तक्रार मागे घेतली, दुसरं लेटर लिहिलं, सतरा पालकांच्या सह्या घेतल्या. प्रिन्सिपॉल मॅडम म्हणाल्या, "मिस्टर विल्सन, यू राइट अ लॉट." कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, आणि ग्रॅहमनं मला शिक्षा दिली ती मॅचभर संत्री कापायची. "मान खाली ठेव. हाफ टाइमला बावीस संत्री चौकोनी हवीत, नाही तर लेटर लिहीन." संत्रं चौकोनी कापता येत नाही हे त्यालाही माहीत होतं. दोन सीझन मी मान खाली घालून कापत राहिलो. एलिनाची नजर तरी माझ्याकडे यायचीच, जरा कमी, पण यायची. मी विचारलं की तो म्हणायचा, "वेळ लागतो, हबीबी. मला तेरा क्लब लागले." त्या दोन वर्षांसाठी मी त्या माणसाचा किती ऋणी आहे ते इथे लिहून ठेवतो, कारण तो असताना धड कधी म्हटलं नाही.

तो गेल्यानंतरची पहिली मॅच मागच्या शनिवारी झाली. नवीन कोच अजून यायचा आहे, म्हणून पोरींना पीटीच्या मॅडमनी उतरवलं. माझ्यानं त्या दिवशी सुरी हातात धरवेना, मी लाइनवर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये एलिनाला बॉल मिळाला, गोलकीपर घसरून पडलेली, समोर सगळं मोकळं... आणि तिनं तो बारवरून बाहेर मारला. ती बघेल तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, हे मी सकाळपासून ठरवून आलो होतो. तिनं चटकन वळून मोजे वर ओढले, मागच्या मुलीला ओरडून जागा दाखवली आणि पळत सुटली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.